ओल्या वाळूतली फ्रेइझा

गेल्या मे महिन्यात माझ्या पुतण्याचा मुलगा परदेशातून परत आला. मोटारींच्या कुठल्याशा कामासाठी त्याच्या कंपनीने त्याला इटलीतल्या तोरिनो शहरात वर्षभर ठेवलं होतं. घरात सगळ्यांसाठी त्याने काही ना काही आणलं. मी अत्तर लावत नाही, चॉकलेट खात नाही, त्यामुळे माझ्यासाठी काय आणावं हा त्याला प्रश्न पडला असणार. शेवटी त्याने माझ्यापुढे एक काळपट बाटली ठेवली.

"आबा, तुम्ही जन्मभर आबकारी खात्यात होता ना, म्हणून ही. एकदम खास आहे. तोरिनोच्या शेजारच्या टेकड्यांमधली लाल वाईन. आपल्याकडे कुणाला नावसुद्धा मालूम नाही. और मजा ये है की ही हलकी फसफसते!"

मी चष्मा पुसून नाव वाचायचा प्रयत्न केला. त्यानेच वाचून दाखवलं, "फ्रेइझा."

मी त्या पोरावर ओरडलो. भर जेवणाच्या पंगतीत, सुनांसमोर, व्याह्यांसमोर. "फसफसते म्हणून खास? फसफसते म्हणून कौतुक?" असं काहीतरी बोललो आणि ताटावरून उठलो. बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आमच्या घरात त्या दिवशी श्रीखंड तसंच राहिलं. पोराला बिचाऱ्याला कळेना की म्हाताऱ्याला झालं काय. नंतर त्याची समजूत काढली, पण राग गेला नाही. तो त्याच्यावर नव्हताच. या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या होत्या. तशा पुष्कळ आहेत. पण ही एक सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगण्याचा मला हक्क नाही असं आता वाटतं, आणि ही गमतीची नाही.

आबकारीचा माणूस म्हणजे एकतर पिणारा, नाहीतर पिणाऱ्यांकडून खाणारा, असा लोकांचा पक्का समज असतो. मी दोन्ही केलं नाही. हे अभिमानाने लिहितो. त्या अभिमानाची किंमत काय, ते वाचकांनी शेवटी ठरवावं.

बुऱ्हाणपूरच्या कचेरीत माझं काम नमुने तपासण्याचं. पकडलेला माल समोर आला की तो काय आहे, कशाचा आहे, कडक किती आहे, हे मी पाहायचं आणि छापील फॉर्मवर लिहायचं. माझ्याकडे एक काचेची उभी नळी होती, एक तापमापक होता आणि एक हायड्रोमीटर, ज्याला आम्ही नुसतं काटा म्हणायचो. काचेचा पोकळ काटा द्रवात सोडायचा, तो किती बुडतो ते पाहायचं. पण खरं हत्यार म्हणजे नाक. ते सरकारने दिलेलं नव्हतं, म्हणून त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

आमच्या भागातली दारू मोहाची. मोहाची फुलं आणि गूळ पाण्यात भिजवून मडक्यात घालतात, मडकं जमिनीत पुरतात. चार-सहा दिवसांत ते आंबून बुडबुडे यायला लागतात. या आंबवणीला आमच्याकडे लाहन म्हणतात. लाहन भट्टीवर चढवलं की दारू उतरते. उतरलेली दारू शांत असते, लाहन फसफसतं. त्यामुळे आमच्या धंद्याचं पहिलं अक्षर हे, की फसफसतंय म्हणजे माल इथंच, आत्ताच तयार होतोय. दुसरी खूण, जमिनीत पुरलेलं असणं. तिसरी, तोंड दोरीने किंवा फडक्याने बांधलेलं असणं आणि कारखान्याचं सील नसणं. तिन्ही खुणा जुळल्या की पुढं विचार करायची गरज नाही, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

आणि मोहाचा वास लपत नाही. जुना गूळ, भिजलेलं गवत आणि त्यात किंचित उंदराच्या बिळासारखं काहीतरी. दापोऱ्याला एका केळीच्या बागेत एक म्हातारी पुरलेल्या मडक्यावर पोतं टाकून, त्यावर बसून शेंगा फोडत होती. मी रस्त्यावरूनच सांगितलं, माल बाईच्या खाली आहे. म्हातारी उठायला तयार नाही. जमिनीतून बुडबुड असा आवाज येतोय, तर म्हणते, "मले काय मालूम साहेब, आठली जमीनच अशी हाये. पोट बिघडलंय तिचं!" आम्ही सगळे हसलो. माझ्या नाकाचा तेव्हा तालुक्यात दबदबा होता.

आता त्या वर्षांबद्दल. संस्थानांच्या विलीनीकरणाची वर्षं ती. आमच्या जिल्ह्याला लागून दरबारी मुलूख होते. नकाशावरची रेघ पुसायला एक सही पुरली. पण त्या रेघेवर बसलेले नाकेदार, कारकून, शिक्के, परवाने यांचं काय करायचं ते ठरायला फार काळ गेला. संस्थानी नोकरांना सामावून घ्यायचं होतं, म्हणजे आमच्याकडच्या कुणालातरी काढायचं होतं. कायम न झालेल्या, कच्च्या नोकरांची यादी तयार होत होती. मी कच्चा होतो, नुकतंच लग्न झालं होतं, आणि यादी साहेबांच्या खणात होती.

साहेबांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं आहेत, भली माणसं आहेत. साहेब हुशार होते, कडक होते आणि वरच्यांच्या नजरेत भरण्याची त्यांना घाई होती. एवढं पुरे.

एप्रिलच्या सुरुवातीला खबर आली, की खकनारच्या पुढं, जंगलाच्या कडेला जो गोरा पाद्री राहतो, त्याचा आचारी जमिनीत बाटल्या पुरतो आणि त्यांना रोज पाणी घालतो. साहेब जागेवरून उठलेच. आम्ही जीपने निघालो: साहेब, मी, शिपाई दगडू आणि दोन जवान.

पाद्र्याचं ठाणं म्हणजे काय, तर कौलारू दोन खोल्या, एका खोलीत प्रार्थना, पडवीत पोरांची शाळा आणि औषधांची एक पेटी. फादर कार्लो नाव. उंच, हाडकुळा, दाढी पांढरी, झग्याला ठिगळं. आधी बारा-पंधरा वर्षं ते पलीकडच्या संस्थानात होते, अलीकडेच इकडे आले होते. त्यांचा आचारी सुकराम, कोरकू आदिवासी. चाळिशीचा, कमी बोलणारा. तोच आचारी, तोच माळी, तोच आजाऱ्यांना खाटेवर घालून आणणारा.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा होता आणि त्यात नदीची वाळू, ओलीचिंब. जवानाने वाळू उकरायला सुरुवात केली तसा सुकराम पुढं आला. "साहेब, हात मत लगाओ. गरमी लगेल तर फुटेल ती. बाबाची हाये."

वाळूतून सतरा बाटल्या निघाल्या. बाटल्या वेगवेगळ्या घाटाच्या, जुन्या. लेबल नाही. बुचं लाकडी, आणि प्रत्येक बूच सुतळीने बाटलीच्या गळ्याशी आवळून बांधलेलं. दगडू माझ्या कानाशी म्हणाला, "बाबूजी, हे तं आपल्या दापोऱ्याच्या बुढीपेक्षा चलाख दिसतेत."

साहेबांनी एका बाटलीची सुतळी कापली. बूच ठप्पकन आढ्याला लागलं आणि बाटलीच्या तोंडातून गुलाबी फेस साहेबांच्या मनगटावरून खाली ओघळला.

"पाहा," साहेब म्हणाले, "जिवंत आहे. इथंच आंबवलेली. पुरलेली, बांधलेली, फसफसणारी. आणखी काय पाहिजे?"

फादर धावत आले. त्यांची बोली म्हणजे हिंदी, निमाडी आणि मराठीची खिचडी. "साहेब, ये मेरे भाई का है. आमच्या शेतातली द्राक्षं. प्रार्थनेला लागते, सकाळी एक चमचा. परवाना आहे, बघा." त्यांनी पेटीतून कागद काढला. दरसाल चोवीस बाटल्या लाल वाईन, धार्मिक कामाकरिता, आणण्यास व बाळगण्यास मंजूर. खाली दरबारची लाखेची मोहर, तांबडी, रुपयाएवढी.

साहेबांनी कागद उलटासुलटा पाहिला. "फादर, हा दरबार आता कुठं आहे?"

"साहेब?"

"राज्य विलीन झालं. राज्य नाही, तर मोहर नाही. मोहर नाही, तर परवाना नाही. हा कागद तुम्ही भिंतीवर लावा, शोभेल."

ऐका. राजाचे महाल राहिले, तनखे राहिले, त्याच्या शिकारीच्या मोटारी राहिल्या. जमीनदारांचे दाखले चालले, वकिलांच्या सनदा चालल्या. मेला फक्त एका म्हाताऱ्या पाद्र्याचा कागद. तेव्हा मला हे असं म्हणता आलं नाही. मी नळी आणि काटा काढून बसलो.

आता इथं धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. द्रवात वायू असला की त्याचे बुडबुडे काट्याला चिकटतात आणि काटा वर उचलला जातो, आकडा खोटा येतो. म्हणून आधी द्रव दोन भांड्यांत वरखाली ओतून फेस मारायचा, मग काटा सोडायचा. मी तसं करायला लागलो. फेस मेला आणि वास वर आला. पिकलेली जांभळं आणि गुलकंद. जीव गेला तरी मोहाचा नाही. गुळाचा नाही. त्या वासात उंदीर नव्हता, भिजलेलं गवत नव्हतं. मला त्या क्षणी कळलं. मी साहेबांना म्हणालो, "साहेब, ही मोहाची नाही. लाहनही नाही. ही तयार द्राक्षाची दारू आहे, फक्त तिच्यात वायू राहिलाय."

साहेब माझ्याकडे बघून हसले. "तुमची नेमणूक नाकावर झाली आहे का? फॉर्म भरा."

फॉर्ममध्ये रकाने होते. द्रव फसफसतो काय? मी लिहिलं, होय. कारखान्याचे सील आहे काय? नाही. जमिनीत पुरलेला मिळाला काय? होय. तिन्ही उत्तरं खरी. वासाचा रकाना नव्हता. खाली सही केली.

साहेबांनी आरोपीच्या जागी नाव लिहिलं ते सुकरामचं. फादर म्हणाले, माल माझा आहे, मला पकडा. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. साहेबांनी त्यांना अदबीने खुर्ची दिली. गोऱ्या पाद्र्याला हात लावला तर नागपूर-दिल्लीपर्यंत पत्रं जातील हे त्यांना ठाऊक होतं. कोरकूला हात लावला तर कुणाचंच पत्र येत नाही. सुकरामला जीपमध्ये बसवलं तेव्हा तो माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "बाबूजी, उनको गीली रेत में रखना. रोज पानी डालना. भूलना मत."

या प्रसंगाच्या महिनाभर आधीची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते कळेल. गावातले एक वैद्यराज साहेबांच्या बायकोसाठी द्राक्षासव घेऊन आले होते. द्राक्षासव म्हणजेही द्राक्षं आंबवूनच करतात, औषध म्हणून चालतं. उन्हातून आणल्यामुळे बाटलीचं बूच उडालं आणि साहेबांच्या दिवाणखान्यातल्या तसबिरीवर जाऊन आपटलं. गालिच्यावर फेस सांडला. साहेब पोट धरून हसले. "वैद्यराज, औषध फार जोरकस आहे बुवा तुमचं!" वैद्यराज हसले. मीही हसलो. तीच द्राक्षं, तोच फेस, तसंच उडालेलं बूच. एकीकडे त्याचं औषध झालं आणि दुसरीकडे गुन्हा, कारण एकीकडे वैद्यराज होते आणि दुसरीकडे सुकराम.

खटला उभा राहिला. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला फादर खकनारहून बैलगाडीने यायचे आणि कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्याच बाकावर बसायचे, कारण दुसरा बाक नव्हता. मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील. त्यांनी पहिल्याच दिवशी मला त्यांच्या पिशवीतली भाकरी दिली. आणि आपल्या गावाबद्दल बोलत बसले. मला वाटतं त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं.

त्यांचं गाव तोरिनोच्या पूर्वेला, टेकड्यांत. विटांची घरं, मध्ये घंटाघर. उत्तरेला बर्फाचे डोंगर दिसतात, खाली पो नदी, सकाळी धुकं. टेकड्यांची माती पांढुरकी, आणि नांगरताना तिच्यातून शिंपले निघतात, कारण कधीकाळी तिथं समुद्र होता. त्या मातीत फ्रेइझाची वेल येते. घड लहान, दाणा काळानिळा, साल जाड, चव आंबटतुरट. रोगराईला न जुमानणारी वेल, म्हणून गरिबांची. "राजेलोकांची वाईन पलीकडच्या टेकड्यांवर होते," फादर म्हणाले. "तिला मोठं नाव, मोठी किंमत. आमचीला कोण विचारतं? आमची जेवणाबरोबर प्यायची. जैसे तुम्हारा ताक."

मी विचारलं, "पण फसफसते कशी?"

फादर हसले. दाढीत हसल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग. "बाबू, थंडीत ती झोपते. तिच्यात थोडी गोडी राहते. वसंतात वेलीला पालवी फुटते ना, तेव्हा तळघरात बाटलीतली पण जागी होते. उसको पता चलता है. म्हणून माझी आई बुचं सुतळीने बांधायची. आता भाऊ बांधतो. गाठ पाहिली का? ती माझ्या आईची गाठ आहे."

मी ती गाठ पाहिली होती. मुद्देमालाच्या यादीत लिहिलीही होती, 'सुतळीने आवळलेली, संशयास्पद'.

"आणि इथं तर कायमच वसंत," फादर म्हणाले. "इथली गरमी लागली की ती वेडी होते. पहिल्या वर्षी सात फुटल्या. सुकरामने वाळूचा खड्डा केला. रोज दोन घागरी पाणी. तब से एक भी नहीं फूटी."

म्हणजे ज्या खड्ड्यावरून तो पकडला गेला, तो खड्डा त्याने त्या बाटल्या जगवायला केला होता. मी हे ऐकत बसलो, त्यांची भाकरी खात.

माझी साक्ष झाली. मॅजिस्ट्रेटनी मला तीन प्रश्न विचारले. द्रव फसफसत होता का? होय. सील होतं का? नाही. पुरलेला मिळाला का? होय. मी चौथ्या प्रश्नाची वाट पाहिली. देवाशपथ सांगतो, वाट पाहिली. कुणीतरी विचारावं की वास कशाचा होता. सुकरामला वकील नव्हता. फादरना बोलू दिलं नाही, ते आरोपी नव्हते. साहेब पहिल्या बाकावर बसले होते आणि त्यांच्या खणात यादी होती. मी पिंजऱ्यातून खाली उतरलो. सुकरामला तीन महिने झाले, पकडल्या दिवसापासून धरून.

राहिलेल्या सोळा बाटल्या आमच्या मालखान्यात गेल्या, पत्र्याच्या छपराखाली. त्यातल्या दोन साहेब घरी घेऊन गेले, 'बारकाईने तपासायला'. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बरी होती हो. जरा आंबट." म्हणजे साहेबांनाही कळलं होतं. पिऊन कळलं होतं. मोहाची दारू पिऊन जरा आंबट असं कुणी म्हणत नाही.

वाळूबद्दल मी दगडूला सांगितलं. खरं सांगतो, सांगितलं होतं. तो म्हणाला, "बाबूजी, मुद्देमालावर पानी घालायचा हुकूम कुठी हाये? काही कमीजास्त झालं तं माह्या गळ्यात येईन." हुकूम नव्हता. मे महिना लागला. बुऱ्हाणपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना पत्र्याखालचा मालखाना सांगायला नको. एका दुपारी धाडकन आवाज झाला. पहाऱ्यावरचा जवान बंदूक घेऊन धावला. मग दुसरा आवाज. आठवडाभरात चौदाच्या चौदा फुटल्या. लाल ओघळ जप्त केलेल्या मडक्यांखालून उंबऱ्यापर्यंत आला, मुंग्या लागल्या. कचेरीतले लोक हसायचे, "पाद्र्याचे फटाके" म्हणायचे. मी पंचनामा लिहिला, 'मुद्देमाल आपोआप नष्ट झाला'. आपोआप!

त्याच दिवसांत प्रयोगशाळेचा कागद आला. पहिल्या दिवशी उघडलेल्या बाटलीतला नमुना मीच नियमाप्रमाणे पाठवला होता. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, की द्रव केवळ द्राक्षाचा आहे, मोहाचा किंवा गुळाचा अंश नाही, आणि तो बराच जुना आहे. सुकरामची अजून निम्मी शिक्षा बाकी होती. मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. ते उभ्या उभ्या वाचून म्हणाले, "केस निकाली निघाली आहे. फाइलला लावा." मग खण उघडून त्यांनी काहीतरी शोधल्यासारखं केलं, बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. धमकी दिली नाही. द्यावी लागलीच नाही.

मी कागद फाइलला लावला. या हातांनी, टोच्याने भोक पाडून, नाडी ओवून. कोर्ट आमच्या कचेरीपासून चालत पाच मिनिटांवर होतं. मी त्या पाच मिनिटांच्या रस्त्याने रोज घरी जात होतो. एकदाही आत वळलो नाही. पुढं मी कायम झालो, बढत्या झाल्या, निरोपसमारंभात शाल मिळाली आणि माझ्या सचोटीवर एकाने भाषण केलं. त्या भाषणाला टाळ्या पडल्या तेव्हा मला घाम फुटला होता.

जुलैत सुकराम सुटला. सुटला तो आधी गावी गेला नाही, आमच्या कचेरीत आला. जवानांना वाटलं तंटा करायला आलाय. तो माझ्या टेबलाजवळ उभा राहिला. पार वाळला होता. मी मान वर करत नव्हतो.

"बाबूजी," तो म्हणाला, "पानी डालते रहे ना?"

मी रजिस्टराचं पान उलटलं.

"बाटल्या बाबूजी. बाबाच्या. गीली रेत में रखी थी ना?"

"फुटल्या," मी म्हणालो. "सगळ्या फुटल्या, सुकराम."

त्याने शिवी दिली असती, टेबल उलथलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "मी होतो तं एक नाही फुटली. अब बाबा को क्या बोलूँगा?" आणि गेला. तीन महिने विनाकारण तुरुंगात काढून आलेला माणूस, आणि तो फादरना काय जाब द्यायचा या काळजीत. जाब मागायचा होता त्याने, आमच्याकडून. सबंध कचेरीत एकालाही त्याची लाज वाटली नाही. मी स्वतःला धरून सांगतो.

फादरना पुढं वर्षभरात दुसरीकडे हलवलं. जाताना त्यांनी कचेरीत अर्ज केला, की परवान्याचा तो निरुपयोगी कागद परत मिळावा, त्यावर त्यांच्या गावाचं आणि भावाचं नाव लिहिलेलं आहे. अर्जावर शेरा पडला, 'नियमात बसत नाही'. सुकराम पुन्हा मला भेटला नाही. मी एकदा खकनारला गेलो असताना चौकशी केली. लोक म्हणाले, जंगलात आत कुठंतरी राहतो, बाजाराला येतो, कचेरीकडच्या रस्त्याने जात नाही.

आता पोराने आणलेल्या बाटलीबद्दल. ती मी उघडू दिलेली नाही. हल्ली तिचं बूच सुतळीने बांधत नाहीत, बारीक तार असते. मी न्हाणीच्या कोपऱ्यात एक बादली ठेवली आहे, तिच्यात तापीची वाळू भरून बाटली मध्ये पुरली आहे, आणि रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालतो. सूनबाई म्हणते, "मामंजी, तिला काय पालवी फुटणार आहे का?" हसू दे. या घरात तिला हसण्याचा अधिकार आहे.

पण मला दुसरं काही सांगायचं आहे. माझी साक्ष अर्धी राहिली आहे. मॅजिस्ट्रेटसाहेब गेले, साहेब गेले, फादर गेलेच असणार, सुकराम कुठं आहे ठाऊक नाही. चौथा प्रश्न विचारणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून मीच विचारतो आणि मीच शपथेवर उत्तर देतो.

वास मोहाचा होता का? नव्हता. जांभळांचा होता, गुलकंदाचा होता. सुकरामने काहीही गुन्हा केलेला नव्हता, आणि हे मला फॉर्मवर सही करण्याआधीच माहीत होतं.